मे महिन्यातले अर्धे वकील

मे महिन्याच्या मध्यावर अकोल्याच्या जिल्हा न्यायालयात गेलात तर आवार अर्धं रिकामं दिसेल. दिवाणी कामाला उन्हाळी सुटी, नागपूर खंडपीठात सुटीतलं पीठ, वरिष्ठ वकील थंड हवेच्या गावी नाहीतर लग्नांच्या पंगतीत. थांबत नाही ते रिमांड. पकडलेल्या माणसाला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं हे संविधानाच्या अनुच्छेद २२ ने सांगितलं आहे, आणि पारा ४५ च्या वर गेला म्हणून त्यात सूट नाही. नेमक्या याच दिवसांत, परीक्षा आटोपल्या असतील तर, विधी शाखेची मुलंमुली इंटर्नशिप करायला बाहेर पडतात.

गंमत त्यांच्या पोशाखापासूनच सुरू होते. वकिलांना उन्हाळ्यात जिल्हा न्यायालयात काळ्या कोटाची सक्ती नाही; बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतच तशी मोकळीक आहे. त्याच बार कौन्सिलने २००८ च्या विधी शिक्षण नियमांत विद्यार्थ्याला मात्र काळी पँट, पांढरा शर्ट, काळा टाय, काळा कोट आणि काळे बूट सांगून ठेवले आहेत. सगळा सरंजाम जमत नसेल तर पांढऱ्या पँटवर भागवायची तरतूद आहे, पण नवा कोट शिवलेला विद्यार्थी तो घरी ठेवून येतो थोडाच! त्यामुळे भर उन्हात ज्याच्या अंगावर कोट दिसेल तो वकील नसून विद्यार्थी असण्याचीच शक्यता जास्त.

याच नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. ती कुठे करायची याची यादी लांबलचक आहे. वकील, न्यायाधीश, विधिमंडळ, कंपन्या, स्थानिक स्वराज्य संस्था असं बरंच काही त्यात येतं, आणि यादीच्या सुरुवातीलाच स्वयंसेवी संस्था आहेत. नियम करणाऱ्यांच्या मनात विद्यार्थ्याने आधी लोकांत जावं, मग चेंबरमध्ये बसावं, असं काही असेल का? असेल तर ते कागदावरच राहिलं. ओळखीच्या वकिलाच्या लेटरहेडवर चार ओळींचं प्रमाणपत्र मिळतं आणि बारा आठवडे पदरात पडतात, हे विधी महाविद्यालयांच्या आवारात कुणापासूनही लपलेलं नाही. मला वाटतं, वऱ्हाडातल्या न्यायव्यवस्थेचं सगळ्यांत मोठं वाया जाणारं मनुष्यबळ ते हेच.

नागरी हक्कांचं काम म्हटलं की दिल्लीतली जनहित याचिका, इंग्रजीतला युक्तिवाद आणि दुसऱ्या दिवशीचा मथळा डोळ्यांपुढे येतो. अमरावती-अकोल्यात ते काम तारखा मोजण्याचं, सातबारा मिळवण्याचं, ग्रामसभेचा ठराव नीट लिहून घेण्याचं असतं. विद्यार्थी न्यायालयात उभा राहू शकत नाही, वकीलपत्र घेऊ शकत नाही. पण हक्क कागदावर आहे आणि तो मागणारा माणूस कोठडीत किंवा पाड्यावर आहे, तेव्हा मधलं अंतर बहुतेक वेळा युक्तिवादाने नव्हे, कारकुनी चिकाटीने कापलं जातं. ही चिकाटी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जमू शकते.

कारागृहापासूनच बघू. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ न्यायबंदी, म्हणजे ज्यांच्यावरचा खटला अजून संपलेला नाही असे कच्चे कैदी. चारातले तीन. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने त्यांच्यासाठी एक दार उघडलं. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडायचं. बाकीच्यांसाठी ही मर्यादा निम्म्याची. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही. मुदत भरली की न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी कायद्याने थेट कारागृह अधीक्षकावर टाकली आहे. २३ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने हे कलम १ जुलैच्या आधीच्या प्रकरणांनाही लावायला सांगितलं.

आता समजा, मूर्तिजापूर तालुक्यातला एक मजूर साध्या चोरीच्या गुन्ह्यात आत आहे. कमाल शिक्षा तीन वर्षं. पहिलाच गुन्हा असेल तर एक वर्ष भरलं की तो सुटायला पात्र. चोरी राहत्या घरातली असेल तर कमाल शिक्षा सात वर्षं आणि मुदत दोन वर्षं चार महिने. हिशेब तिसरीतल्या पोराचा आहे. पण तो करायला अटकेची तारीख, वॉरंटवरची सगळी कलमं, मधे कधी जामिनावर सुटून पुन्हा आत आला का, दुसऱ्या पोलीस ठाण्यात काही नोंद आहे का, हे सगळं एका ओळीत मांडावं लागतं. वॉरंटवर कलम खोडून नवं लिहिलेलं असतं. दोषारोपपत्रात एखादं कलम गळालेलं किंवा वाढलेलं असतं, ते कारागृहाच्या नोंदवहीपर्यंत पोचलेलं नसतं. अशी यादी जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या न्यायबंदी आढावा समितीपुढे ठेवायची असते. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आणि कारागृह अधीक्षक या समितीवर असतात. इतकी मोठी माणसं एका टेबलाशी बसतात तेव्हा त्यांच्यापुढचा तक्ता चुकीचा असेल तर बैठक चहापुरती उरते.

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला, असंही नाही. वऱ्हाडात जमानतदार म्हणजे सातबारावाला. भूमिहीन मजुराला सातबारा कुठून मिळणार? तहसीलचं ऐपत प्रमाणपत्र काढायचं तर ऐपत दाखवावी लागते, आणि ती नाही हीच तर अडचण असते. धारणीच्या कोरकू माणसाला अमरावती मध्यवर्ती कारागृहात ठेवलं तर त्याच्या बायकोने हरिसाल, सेमाडोह, परतवाडा असा घाट उतरून मुलाकातीला यायचं, त्या दिवसाची मजुरी बुडवायची आणि वर जमानतदारही शोधायचा. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं होतं. दंडाधिकाऱ्याने त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला आणि भाऊ जामीन राहायला तयार झाला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. ३१ जानेवारी २०२३ ला त्याच न्यायालयाने पुन्हा निर्देश दिले. जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, प्राधिकरणाने वकील किंवा विधी स्वयंसेवक पाठवून कारण शोधायचं, महिन्याभरात बंधपत्र भरलं गेलं नाही तर न्यायालयाने अटी सैल करण्याचा स्वतःहून विचार करायचा, स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरायचा नाही. मधे ४५ वर्षं गेली. निर्देश कमी पडत नाहीत. ते घेऊन कारागृहाच्या फाटकापर्यंत जाणारा माणूस कमी पडतो.

हा माणूस विद्यार्थी असू शकतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या विधी स्वयंसेवक योजनेत, सनद मिळेपर्यंत, विधी शाखेच्या विद्यार्थ्यांना घेता येतं. कारागृहात विधी सेवा केंद्र चालवण्याची व्यवस्था २०११ च्या विनियमांत आहे. कोठडीतल्या कुठल्याही माणसाला, तसंच स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. व्यवस्था आहे, पैसा आहे, आता पूर्णवेळ पगारी बचाव वकीलही नेमले गेले आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून महाराष्ट्रातल्या कारागृहांत काम करतो आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या गटाने पुणे आणि नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहांत तरुण वकील आणि समाजकार्यकर्ते जोडीने बसवले. एक अर्ज लिहितो, दुसरा घरच्यांना शोधतो. ही जोडी अमरावतीला का नसावी, याचं पटेल असं उत्तर मला मिळालेलं नाही.

कलम ४७९ मध्ये एक मेख आहे आणि ती वऱ्हाडात एका समाजाला बरोबर बोचते. एकापेक्षा जास्त गुन्हे प्रलंबित असतील तर ही सवलत नाही. फासेपारध्यांच्या बेड्यावरचा तरुण एका चोरीच्या संशयात आत गेला की आजूबाजूच्या ठाण्यांतले न उलगडलेले गुन्हे त्याच्या नावावर चढतात, ही तक्रार या समाजाचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं करत आले आहेत. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पोलीस ठाण्यातल्या नजरेतून तो गेला नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर कारागृह नियमावल्यांमधले जातीवर आधारलेले नियम रद्द केले आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असंही पोलिसांना बजावलं. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांनी पारध्यांच्या मुलांसाठी 'प्रश्नचिन्ह' नावाची आश्रमशाळा काढली. समृद्धी महामार्गाने तिच्या आवारातून वाट काढली, हे वाचकांना आठवत असेल. त्या शाळेतून उद्या एखादी मुलगी कायदा शिकायला गेली, तर तिच्या उन्हाळ्याचा उपयोग कुठे होईल हे वेगळं सांगायला नको. सध्या तरी जे करता येईल ते एवढंच. प्रत्येक बंद्याच्या नावावरच्या सगळ्या गुन्ह्यांची यादी एकत्र करायची. त्यातल्या किती प्रकरणांत ओळख परेड झाली, किती प्रकरणांत मुद्देमाल सापडला, किती नुसत्या कबुलीवर उभी आहेत, हे बचाव वकिलाच्या हातात द्यायचं. पोलिसापुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. जमातींचा हा प्रश्न वऱ्हाडापुरताही नाही. २००३ च्या नाशिकजवळच्या एका गुन्ह्यात भटक्या समाजातल्या सहा जणांना फाशीपर्यंत नेलं गेलं आणि ५ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला लावली. त्यांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

मेळघाटात कामाचा पोत बदलतो. तिथे प्रश्न अटकेचा कमी, जमिनीचा आणि जंगलाचा जास्त. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला दाव्याचा अधिकार दिला. १३ डिसेंबर २००५ ही ताब्याची तारीख ठरवली. दावा लिहायचा कसा? नियमांत पुरावे कोणकोणते चालतील याची यादी आहे: गॅझेटियर, जनगणना, जुने वन आराखडे, मोजणीचे नकाशे आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांचं लेखी कथन. या शेवटच्या पुराव्यासाठी कुणीतरी झाडाखाली बसून ऐकावं आणि लिहावं लागतं. कुठल्या नाल्यापर्यंत गुरं जायची, मोहाची झाडं कुणाची, देव कुठल्या टेकडीवर. म्हातारा कोरकूत बोलतो, नातू मराठीत सांगतो, विद्यार्थी लिहितो आणि मग पुन्हा वाचून दाखवतो. यात चूक झाली की उपविभागीय समितीत दावा अडतो. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरने २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, ओसाड रानात झाडं उभी केली, सीताफळं मुंबईच्या बाजारात पाठवली आणि २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाशी जोडलेला जैवविविधता पुरस्कार घेतला. त्या यशात 'खोज' संस्थेचे बंडू साने आणि पूर्णिमा उपाध्याय यांची वर्षानुवर्षांची पायपीट आहे. मेळघाटातल्या कुपोषणावर मुंबई उच्च न्यायालयात २००७ पासून जी प्रकरणं चालली, त्यांतही त्यांची आणि डॉ. राजेंद्र बर्मा यांची नावं आहेत. एका जनहित प्रकरणाला दीड दशकाहून जास्त काळ रेटत राहायचं तर दर तारखेला ताजी माहिती लागते. आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे का, अंगणवाडीत वजनकाटा चालतो का. हे बघायला विशेषज्ञ लागत नाही. पायात दम लागतो.

आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या घरचा कागद मात्र याहून जाच करणारा. २००५-०६ च्या शासन निर्णयांनी एक लाखाची मदत ठरवली: तीस हजार हातात, सत्तर हजार बँकेत मुदतठेव. त्यासाठी जिल्हा समितीपुढे प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. शेती कुटुंबातल्या कुणाच्या नावावर होती, कर्ज बँकेचं, सोसायटीचं की परवानाधारक सावकाराचं, ते थकलेलं होतं का. परवाना नसलेल्या सावकाराचं कर्ज असेल तर ते कुठल्या कागदावर दाखवायचं? सासऱ्याच्या नावावरची शेती कसणारा नवरा, वाटणी न झालेला सातबारा, आणि घरात कुणाशी बोलावं हेही न कळणारी तरुण विधवा. वारस नोंद तीन महिन्यांत द्यायची, फेरफारावर पंधरा दिवसांची नोटीस लागते आणि त्या पंधरा दिवसांत हरकत घ्यायची असते, हे तिला तेराव्याआधी कोण सांगणार? 'मकाम'सारख्या महिला शेतकऱ्यांच्या मंचाने विदर्भात हे काम हाती घेतलं. एखादी विद्यार्थिनी तलाठ्याकडे त्या बाईसोबत नुसती गेली तरी फरक पडतो. तलाठी खुर्ची देतो. ऐकायला क्षुल्लक वाटेल, वऱ्हाडात ते क्षुल्लक नाही.

आता दिल्लीपर्यंत पोचलेल्या दोन प्रकरणांकडे वळतो. दोन्ही अकोला जिल्ह्यातली.

पातूर नगर परिषद १९५६ ची. पाटीवर मराठीखाली उर्दूत नाव लिहिण्याची तिथली रीत तेव्हापासूनची. नव्या इमारतीवरच्या उर्दू नावाला एका माजी नगरसेविकेने हरकत घेतली. परिषदेने हरकत फेटाळली, अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी ती मान्य केली, अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश रद्द केला, नागपूर खंडपीठाने आयुक्तांना उचलून धरलं. १५ एप्रिल २०२५ ला न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांनी पाटी कायम ठेवली. मराठीसोबत दुसरी भाषा वापरायला २०२२ चा राज्याचा कायदा आडवा येत नाही आणि भाषेला धर्म चिकटवू नये, असा त्या निकालाचा गाभा. मला त्या निकालातल्या सुंदर उताऱ्यांपेक्षा १९५६ ची नोंद महत्त्वाची वाटते. पाटी किती जुनी, हे कुठल्यातरी दप्तरातून कुणीतरी काढलं असणार.

दुसरं प्रकरण १३ मे २०२३ च्या अकोल्यातल्या दंगलीचं. एका माणसाचा खून झाला. तो आपण पाहिला आणि त्याच हल्लेखोरांनी आपल्यालाही मारलं, असं १७ वर्षांच्या एका मुलाचं म्हणणं. तो रुग्णालयात होता. गुन्हा नोंदला गेला नाही. वडिलांनी १ जूनला पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार दिली. तरीही नाही. २०२४ मध्ये नागपूर खंडपीठाने याचिका फेटाळली. ११ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने पोलिसांना खडसावलं आणि हिंदू-मुस्लिम अशा दोन्ही समाजांतले वरिष्ठ अधिकारी असलेलं विशेष तपास पथक नेमायला सांगितलं. पथकाची रचना अशी असावी का, यावर नोव्हेंबरमध्ये पुनर्विलोकनाच्या वेळी त्याच दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. वाद तिथे आहे, असू दे. पण गुन्हा नोंदवायला हवा होता ही गोष्ट ज्या कागदामुळे सिद्ध करता आली, तो म्हणजे १ जूनची तक्रार. ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर अधीक्षकाला लेखी कळवायचं, त्याची पोच घ्यायची, मग दंडाधिकाऱ्याकडे जायचं, हा क्रम कायद्यात आहे. तो माहीत नसलेली माणसं ठाण्याच्या बाकावर बसून बसून घरी जातात आणि दोन वर्षांनी त्यांच्या हातात काहीच नसतं. पोच घेतलेला एक अर्ज म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचं अर्धं तिकीट.

वऱ्हाडाला वकिलीची परंपरा शिकवायला नको. १८९७ चं काँग्रेस अधिवेशन अमरावतीला झालं. रघुनाथ नरसिंह मुधोळकर, मोरोपंत जोशी, दादासाहेब खापर्डे ही सगळी अमरावतीच्या बारमधली माणसं. मुधोळकर १९१२ ला काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाल्यावर खापर्डे आपली तेजीतली वकिली सोडून अपिलाच्या खटपटीसाठी विलायतेला गेले आणि १९१० पर्यंत परतले नाहीत. नोव्हेंबर १९२७ मध्ये अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. तिथेच त्यांना थोरले बंधू बाळाराम गेल्याची तार मिळाली. त्या लढ्यात उभे राहिलेले बॅरिस्टर पंजाबराव देशमुख पुढच्याच वर्षी जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. अमरावतीचं विधी महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने आहे. फ्रेजरपुऱ्याच्या नगरपालिकेच्या शाळेत शिकलेले भूषण गवई अमरावती विद्यापीठातून कायदा शिकले आणि १४ मे २०२५ ला देशाचे सरन्यायाधीश झाले.

कमी आठवला जाणारा माणूस म्हणजे के. एफ. रुस्तमजी. कामठीत जन्मलेला, मध्य प्रांत-वऱ्हाडच्या पोलीस सेवेतून वर आलेला अधिकारी. १९७९ च्या जानेवारीत त्यांनी बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांवर वर्तमानपत्रात लेख लिहिले. ते वाचून कपिला हिंगोरानी यांनी हुसैनारा खातून प्रकरण दाखल केलं आणि जलद सुनावणी हा मूलभूत हक्क ठरला. त्याच वर्षी सप्टेंबरात उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या शिक्षकांनी मथुरा खटल्यातल्या निकालाविरुद्ध सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. खटला विदर्भातला, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातल्या अत्याचाराचा. नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने उलटवली होती. पत्रानंतर देशभर स्त्रियांची आंदोलनं झाली, १९८३ मध्ये कायदा बदलला. पुढे धागमवार यांनी 'मार्ग' ही कायदा साक्षरतेची संस्था उभारली. वर्गात शिकवणाऱ्या चौघांनी निकाल नीट वाचला आणि त्यावर गप्प बसले नाहीत, एवढंच ते होतं.

अमेरिकेत ही वाट आधीपासून मळलेली आहे. थर्गुड मार्शल यांनी १९४० मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी कायदेशीर लढा देणारा स्वतंत्र निधी उभारला आणि आजही तिथली विद्यापीठातली मुलं उन्हाळ्यात अशा संस्थांत काम करतात. पाउली मरे ही हॉवर्ड विद्यापीठातली विद्यार्थिनी. १९४४ मध्ये शेवटच्या वर्षाला तिने वर्णभेदी 'समान पण वेगळे' या तत्त्वावर थेट हल्ला करणारा निबंध लिहिला, वर्गमित्र हसले. दहा वर्षांनी शाळांतला वर्णभेद संपवणाऱ्या खटल्याच्या तयारीत तिच्या शिक्षकाने तोच निबंध बाहेर काढला.

आपल्याकडे संधी कुणाला मिळते, हा खरा प्रश्न. राष्ट्रीय विधी विद्यापीठातला विद्यार्थी दुसऱ्या वर्षालाच दिल्लीतल्या मोठ्या संस्थांना इंग्रजीत पत्र पाठवतो, आई-वडील दिल्लीतल्या खोलीचं भाडं भरतात. अकोल्याच्या लॉ कॉलेजातला विद्यार्थी उन्हाळ्यात तुरीची विक्री, बहिणीचं लग्न किंवा पतसंस्थेतली नोकरी सांभाळतो. बिनपगारी इंटर्नशिप ही श्रीमंतांची चैन आहे, हे कुणीतरी सरळ म्हणायला हवं. पण न्यायबंदी वऱ्हाडीत बोलतो, त्याची आई वऱ्हाडीत रडते, आणि तलाठी, कोतवाल, पोलीस पाटील यांच्याशी कसं बोलायचं हे याच मुलांना रक्तातच कळतं. दिल्लीहून आलेल्या हुशार मुलीला हे शिकायला अख्खा उन्हाळा जातो.

महाविद्यालयांची अडचणही खोटी नाही. पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला सनद वापरता येत नाही. त्यामुळे प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन न्यायालयात उभा राहू शकत नाही. नियमांप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात विधी सहाय्य केंद्र हवंच, पण वकील जोडलेला नसेल तर ते शिबिरापुरतं आणि फोटोपुरतं चालतं. बॅनर लागतो, चहा-बिस्किटं होतात, अहवाल जातो. यावर उपाय फार अवघड नाही: जिल्हा प्राधिकरणाच्या बचाव वकिलांच्या कार्यालयाशी महाविद्यालयाने करार करायचा, एकेका वकिलाकडे दोन विद्यार्थी द्यायचे, बसभाडं आणि जेवणापुरतं मानधन द्यायचं. एक धोकाही सांगायला हवा. गुप्तता. बंद्याने सांगितलेली गोष्ट हॉस्टेलच्या मेसमध्ये पोचली तर केंद्र त्याच दिवशी बंद करावं लागेल.

आणि ज्या कोठडीबद्दल आपण बोलतो आहोत, तिची किंमत कधीकधी विद्यार्थ्यालाच मोजावी लागते. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर झालेल्या उद्रेकात पकडला गेलेला आणि न्यायालयीन कोठडीत मरण पावलेला तरुण विधी शाखेचाच विद्यार्थी होता. औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये पोलिसांवर गुन्हा नोंदवायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. त्याच्या आईची बाजू प्रकाश आंबेडकरांनी मांडली, जे अकोल्याचे दोनदा खासदार होते.

हा लेख वाचणाऱ्यांत अमरावती, अकोला, अचलपूर, अकोटचे वकील असतीलच. येत्या मे महिन्यात कुणी पोरगं तुमच्याकडे इंटर्नशिपचं प्रमाणपत्र मागायला येईल. सही करण्याआधी त्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावाने विधी स्वयंसेवक होण्याचा अर्ज लिहायला लावा. कार्यालय न्यायालयाच्या आवारातच आहे. आणि ज्यांच्या घरचं कुणी आत आहे, कुणाची तक्रार ठाण्यात घेतली जात नाही, त्यांनी १५१०० हा क्रमांक लिहून ठेवा. फोनला पैसे लागत नाहीत.